पलंगावरचं नाव

वॉकरवर ओले टॉवेल वाळत घातलेले मी पाहिलेत. चाकांच्या खुर्चीत बसून टीव्ही बघणारा धडधाकट जावई पाहिलाय. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिलेल्या हवेच्या गादीवर पोरं उड्या मारून ती फोडताना पाहिलीत. पनवेलमध्ये आमच्या चर्चचं रुग्णसाहित्य केंद्र सुरू होऊन सहा वर्षं झाली. चर्चच्या मागच्या खोलीत रोज संध्याकाळी पाच ते सात मी बसते. ज्याला गरज असेल त्याने वस्तू न्यायची, काम झालं की आणून द्यायची. आम्ही जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. फक्त फोन नंबर विचारतो, आणि नेमका तोच लोक चुकीचा सांगतात.

माझं नाव शांती. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आता चौसष्टची आहे. माझा स्वभाव तापट आहे असं आमच्या मंडळीत बोललं जातं. बोलू देत. एकतीस वर्षं वॉर्ड सांभाळून ज्याचं डोकं थंड राहिलं असेल, त्याने वॉर्डात काम केलंच नसणार.

वस्तू परत येत नाहीत, हा त्रास मी सवयीने सोसत होते. मग उलटाच त्रास सुरू झाला. वस्तू जाईनाशा झाल्या. लोक येत, बघत, मान डोलवत, आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून जे जात ते परत येत नसत. बरं, हा उपद्व्याप बाहेरच्या कोणी केला नव्हता. आम्हीच केला होता.

त्याचं असं झालं. आमच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी दयाराम मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बोलताना त्यांचा हात अजून खडू शोधतो. त्यांनी वार्षिक सभेत ठराव मांडला की केंद्राला ज्यांनी वस्तू दिल्या, त्यांच्या दिवंगत नातेवाइकांची नावं त्या त्या वस्तूवर कायमची राहिली पाहिजेत. आता आमच्यात ही रीत जुनीच आहे. चर्चच्या बाकांवर नावं आहेत, पंख्यांवर आहेत, भिंतीवरच्या घड्याळावर आहे. उपदेश लांबला की मी घड्याळाकडे बघते, तर वेळेच्या आधी मला मास्तरांचे वारलेले मामा दिसतात.

तर मास्तरांनी स्टीलच्या पट्ट्या करून आणल्या. वर क्रूस, खाली 'ख्रिस्तवासी' आणि नाव, मग जन्मतारीख, मग मृत्यूची तारीख, आणि शेवटी 'यांच्या प्रेमळ स्मरणार्थ'. लोक स्टिकर खरवडून काढतात म्हणून रिबिटा ठोकून पक्क्या बसवल्या. व्हीलचेअरच्या पाठीवर पट्टी, वॉकरच्या आडव्या दांडीवर पट्टी, कमोडच्या खुर्चीवरसुद्धा पट्टी. ज्यांच्या वडिलांचं नाव त्या खुर्चीवर आलं, ते बिचारे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

ठरावाला अनुमोदन कोणी दिलं, हे विचाराल तर मीच दिलं. केंद्रातला एकुलता एक दवाखान्याचा पलंग, दांडा फिरवला की पाठ वर होणारा, तो मी दिला होता. माझ्या नवऱ्याच्या, रमेशच्या नावाने. तेव्हा 'बोटभर पट्टी कुठे दिसणार, चांगली वीतभर करा' असंही मीच म्हणाले होते. मास्तरांनी केली. पलंगाच्या डोक्याशी, मधोमध, दारातून वाचता येईल अशी.

मग व्हायचं तेच झालं. एक गृहस्थ वडिलांसाठी खुर्ची न्यायला आले. पट्टी वाचून दबक्या आवाजात म्हणाले, "हे यातच गेले का?" मी म्हटलं, अहो नाही, ही नवी खुर्ची आहे, नुसती त्यांच्या नावाने दिलीय. "हो का, बरं बरं," म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या बाईंनी तर हात लावल्यावर साडीला हात पुसला. चार महिन्यांत केंद्रातून फक्त काठ्या गेल्या, कारण काठीवर पट्टी बसत नाही.

मी कमिटीत दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "लोकांचं प्रबोधन करावं लागेल." एवढं म्हणून चहा मागवला.

अशात एका मंगळवारी कमळाकर आला. रोडपालीचा, चाळिशीचा, लोखंड बाजारात स्वतःचा टेंपो चालवतो. त्याची आई हौसाबाई मोरीत घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, पण पडून पडून दवाखान्यातच कमरेखाली बेडसोर सुरू झाला होता. गुरुवारी घरी सोडणार होते.

"डॉक्टर बोलले, पाठ वर होनारा पलंग पायजे," तो म्हणाला. "दर दोन तासांनी कूस बदलायची, बसवून भरवायचं. नायतर जखम हाडापर्यंत जाईल. ताई, तुमच्याकडं हाय ना?"

आहे म्हटलं. उठून दाखवला. त्याने दांडा फिरवून बघितला, गादी दाबून बघितली, आणि मग पट्टी वाचली. त्याचा चेहरा मी ओळखला. असले चेहरे चार महिने बघत होते.

"रमेश म्हणजे माझे मालक," मी आधीच सांगून टाकलं. "ते या पलंगावर एक दिवसही झोपले नाहीत. ते गेल्यावर मी हा विकत आणला. कोरा होता, कोराच आहे."

"नाय, मना काय नाय," कमळाकर म्हणाला. "फोटो काढून घरी दाखवतो फक्त."

त्याने फोटो काढला तिथेच माझं कपाळ दुखायला लागलं. रात्री त्याचा फोन आला. बायकोने, स्नेहलने, दवाखान्यात फोटोतलं नाव सासूला वाचून दाखवलं होतं, आणि सासूने 'त्या पलंगावर मी निजनार नाय' एवढं बोलून तोंड फिरवलं होतं. का, ते सांगत नव्हती. "घाबरली असंल, ताई. म्हातारी मानूस हाय. पट्टी काढता येईल काय?"

मी दयाराम मास्तरांना फोन केला.

"शांतीबाई, ठराव आहे," ते म्हणाले. "तुमचंच अनुमोदन आहे, मिनिट्समध्ये लिहिलंय. बदलायचा तर कमिटीपुढे यायला हवा. दुसरा रविवार, म्हणजे अजून बारा दिवस."

"मास्तर, त्या जखमेला मी मिनिट्स वाचून दाखवू का?"

"चिडू नका. आज एक पट्टी काढली, उद्या सगळे येतील. ज्यांनी आईबापांच्या नावाने दिलं त्यांना काय तोंड दाखवायचं? त्यापेक्षा आपण त्या घरी जाऊ. भीती अज्ञानातून येते."

मग मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून माझं सगळं ऐकलं आणि 'मास्तरांशी बोलून घ्या' म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला तो त्यांना दिसला नाही, कारण डोळे अजून मिटलेलेच होते.

गुरुवारी हौसाबाईला घरी आणलं. शुक्रवारी सकाळी मास्तर आणि मी रोडपालीला गेलो. इमारतींच्या मागे जुन्या गावठाणातली एक खोली आणि पुढे पडवी. हौसाबाई जमिनीवर दोन गोधड्या घालून पडली होती. हाडापेराने मजबूत बाई, सत्तरीची, नऊवारी साडी. सगळं तरुणपण मिठागरात गेलेलं, टाचा अजून फुटलेल्या. तिला भरवायचं तर स्नेहल एका हाताने मान उचलून धरायची आणि दुसऱ्या हाताने पेज पाजायची. निम्मी पेज उशीवर सांडायची, उरलेल्या निम्म्याने ठसका लागायचा. बघूनच मला संताप आला. तो कोणावर काढावा ते मात्र कळेना.

मास्तर खुर्चीवर बसले आणि खडूचा हात वर गेला.

"हौसाबाई, मरण म्हणजे शेवट नाही. आमच्यात मेलेल्याला घाबरत नाहीत. आता या शांतीबाईंचे यजमान, रमेशराव, फार सज्जन माणूस. किती शांतपणे गेले! शेवटपर्यंत चेहऱ्यावर समाधान. अशा माणसाच्या नावाच्या पलंगावर झोपणं म्हणजे आशीर्वादच की. तुम्ही अगदी निर्धास्त झोपा. रमेशराव तुम्हाला काही करणार नाहीत."

हौसाबाईने पदर ओढून तोंड पूर्ण झाकून घेतलं. कमळाकर भिंतीकडे बघायला लागला. मास्तर बोलतच राहिले, आणि पदराआड ती बाई जास्तच आकसत गेली. वीस मिनिटांनी ते उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "थोडा परिणाम झालाय असं वाटतं."

मी रिक्षाला हात केला. 'किती शांतपणे गेले' हे शब्द माझ्या डोक्यात घुसले होते. मास्तरांचा दोष नव्हता. तसं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. अंत्यविधीला, महिला मंडळात, जो विचारेल त्याला, शांतपणे गेले. रमेश सात महिने फोल्डिंगच्या खाटेवर पडून होता. शांतपणे वगैरे काही गेला नाही.

शनिवारी सकाळी ड्रेसिंगचं सामान घेऊन मी एकटीच रोडपालीला गेले. कमळाकर कामावर होता. स्नेहलला पाणी तापवायला पाठवलं, हौसाबाईला कुशीवर वळवलं आणि जखमेवरची पट्टी सोडली. शुक्रवारी झाकलेलीच जखम होती, आज उघडी बघितली. माकडहाडावर रुपयाएवढी जागा काळी पडली होती आणि कडेने ओली झाली होती. अशी जखम चार दिवसांत कुठे जाते ते मला कोणी सांगायला नको. कमिटीच्या रविवारला तर अजून आठ दिवस होते.

माझा तोल सुटला. रोग्यावर कधी ओरडू नये हे मी शिकाऊ मुलींना शिकवलंय, तरी ओरडले. "हौसाबाई, तुम्हाला कळतंय का काय चाललंय? ही जखम सडणार. कसली भुतांची भीती घेऊन बसलात? मेलेला माणूस काय करणार तुम्हाला?"

"भूत?" ती म्हणाली. मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. "भुताला कोन भितंय? मिठागरात रातच्या पान्यावर राखनीला बसलेली बाय हाय मी."

"मग झालंय काय?"

तिने कानोसा घेतला. स्वयंपाकाच्या बाजूला स्नेहलच्या भांड्यांचा आवाज येत होता. हौसाबाईने आवाज एकदम खाली आणला.

"त्या भांड्यांकडं बग," ती म्हणाली. फळीवर पितळेची जुनी भांडी ओळीने लावलेली होती. "हरेकावर नाव हाय. ह्यो हंडा माज्या बापाने दिला, त्यावर माजा नाव. ती परात नंदेची, तिचा नाव. ज्याचा नाव, त्याचा भांडा. तिची परात मी तिला इचारल्याबिगर घेत नाय. तुज्या पलंगावर तुज्या नवऱ्याचा नाव हाय. म्हंजे पलंग त्याचा. मी रांडव बाय, दुसरीच्या नवऱ्याच्या पलंगावर कशी निजू गो? डोक्याशी त्याचा नाव, आनि खाली मी?"

मी हातातला चिमटा खाली ठेवला.

"मग हे कमळाकरला का नाही सांगितलंत?"

"पोराला?" तिने डोळे वटारले. "पोराला मी असला सांगू? आनि काल त्यो मास्तर आला, परक्या बाप्याच्या पलंगाचा बोलतंय, निर्धास्त निज बोलतंय. मना वाटला जमीन फाटंल तं बरा."

हसू येत होतं आणि स्वतःच्या मुस्कटात मारावीशीही वाटत होती. चार महिने आम्ही मरणाबद्दल बोलत होतो. प्रबोधन करत होतो. या बाईला मरणाचं सोयरसुतक नव्हतं. ती अब्रूचं बोलत होती, आणि तिला 'का' म्हणून धडपणे विचारणारं कोणी नव्हतं. मीसुद्धा विचारलं ते ओरडून.

"पट्टी काढली तर निजाल?"

"झाकून नाय चालनार."

"झाकत नाही. काढते."

बोलून बसले खरी, पण रिक्षात बसल्यावर ती पट्टी डोळ्यांपुढे आली. वीतभर पट्टी मीच मागितली होती. रमेश जाऊन तीन वर्षं झाली. त्याचं नाव घेणारं आता माझ्याशिवाय कोण आहे? मूल नाही. कबरीवरचा दगड अजून बसवलेला नाही, आज बसवू उद्या बसवू करत राहिलाय. त्याचं नाव कोरलेलं जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते मी आता उखडणार होते. मला मास्तरांचा राग आला, हौसाबाईचा आला, तिच्या नणंदेच्या परातीचासुद्धा आला. सगळ्यात जास्त माझा आला. पलंग मी रोग्यांसाठी दिला होता, तर नाव एवढं मोठं कोणासाठी केलं होतं?

कमळाकरला टेंपो घेऊन यायला फोन केला आणि चर्चजवळच्या ग्रिलवाल्या गणूला बोलावून आणलं. तो पट्टीकडे बघून म्हणाला, "बाई, पक्कं काम आहे. निघेल, पण पत्र्याला भोकं राहतील."

"राहू देत."

त्याने ड्रिलने एकेक रिबीट उडवली. चौथी अडकली. तिच्यासाठी छिन्नी लावावी लागली, आणि प्रत्येक ठोक्याला मी दचकत होते. तेवढ्यात मास्तर आले. ड्रिलचा आवाज त्यांच्या घरापर्यंत जातो.

"शांतीबाई! ठरावाविरुद्ध?"

"हो. दुसऱ्या रविवारी माझ्यावर ठराव करा," मी म्हटलं. "आणि मास्तर, काल आपण त्या बाईला जे सांगून आलो ना, ते कोणत्याही बाईला पुन्हा सांगू नका." मग तिचं म्हणणं त्यांना सांगितलं. मास्तर आधी लाल झाले, मग पांढरे झाले, आणि शेवटी पलंगाची दुसरी बाजू धरून कमळाकरच्या टेंपोत चढवायला लागले. गणूने पट्टी माझ्या हातात दिली. ड्रिलने ती तापली होती. मी ती पर्समध्ये टाकली.

दुपारी तीनपर्यंत पलंग रोडपालीच्या खोलीत लागला. खोलीत दुसरं काही ठेवायला जागा उरली नाही. कमळाकर आणि त्याच्या शेजाऱ्याने हौसाबाईला चादरीसकट उचलून वर ठेवलं. मग मी पुरुषांना बाहेर काढलं, स्नेहलला पेज गरम करायला लावलं आणि दांडा फिरवायला घेतला. पाठ हळूहळू वर आली. पडल्यापासून अकरा दिवसांनी ती बाई पहिल्यांदा बसली. तिने खोली बघितली, दार बघितलं, दारातून दिसणारा रस्ता बघितला. मग हात मागे नेऊन डोक्याशी चाचपलं. चार भोकांवरून तिची बोटं फिरली.

"काढलास?"

"काढलं."

"तुज्या मानसाला उठवलास गो माज्यासाठी," ती म्हणाली. "किती जड गेला असंल तुला."

"हलू नका, जखम आहे," मी खेकसले. मग दांडा हातात तसाच धरून पलंगाशी खाली बसले आणि मला रडू फुटलं. मी वॉर्डात कधी रडले नाही, अंत्यविधीलाही नाही. तिथे रडले, एका मिठागरवाल्या बाईच्या पायांशी, जिला मी सकाळी मूर्ख समजले होते.

"मला त्याला उठवता नाही आलं," मी म्हटलं. "सात महिने. नुसती फोल्डिंगची खाट होती. एकटीने उचलायचा तर मला पेलायचा नाही. पाठीची जखम हाडापर्यंत गेली. त्यानेच गेला. सगळ्यांना सांगितलं शांतपणे गेला. ओरडत गेला, हौसाबाई."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांनाही नाही.

स्वयंपाकाच्या बाजूने पेजेचा वास आला.

"तू नर्स ना गो?" तिने विचारलं.

"हो."

"तरी पन?"

"तरी पण."

तिने मान हलवली. दिलासा दिला नाही, देव बघतोय म्हणाली नाही, काही नाही. पलंगाची कड धरून जमेल तेवढी कुशीवर झाली आणि माझ्याकडे पाठ केली.

"मंग माजी नीट बग," ती म्हणाली.

मी डोळे पुसले, हात धुऊन आले, आणि हातमोजे घातले.